पुढील अंकी

जुने ते सोने ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्या घरी जुना संगणक नसावा. सोने कितीही जुने झाले तरी सोनार ते काट्यावर घालतो आणि मानाने त्याचा भाव सांगतो. जुना संगणक भंगारवालाही काट्यावरच घालतो. पण खिडकीचे मोडके गज, गळकी बालदी आणि संगणक या तिघांना तो एकाच भावाने तोलतो. त्यात त्याचा काही दोष नाही. लोखंडाचे वजन करणे हा त्याचा धंदा आहे. लोखंडाच्या पोटात कुणी काय लिहून ठेवले आहे हे पाहणे हा त्याचा धंदा नव्हे.

इतिहासाचार्य राजवाडे जुन्या दप्तरांच्या शोधात गावोगाव हिंडले, हे आमच्या विद्यार्थिमित्रांनी पाठ्यपुस्तकात वाचले असेल. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पानिपतच्या काळातील पत्रे लोकांपुढे आली. ती पत्रे वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्यासाठी गेली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. तरी कागदाचे एक बरे असते. त्याला वाळवी लागली, तो भिजला, अर्धा जळला, तरी हे काहीतरी लिहिलेले आहे एवढे तरी डोळ्यांना दिसते. आजची दप्तरे ज्या करड्या पेटीत असतात, तिच्याकडे पाहून मात्र आत पानिपत आहे की नुसतीच धूळ आहे, हे कळण्यास मार्ग नाही.

अशीच एक पेटी आमच्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत होती. गेल्या मे महिन्यात, कौले शाकारण्यापूर्वी खोली रिकामी करावी असे मुख्याध्यापकांनी फर्मावले, तेव्हा ती उजेडात आली. तिच्या सोबतीला स्नेहसंमेलनातील राजाचे दोन मुकुट होते, भीमाची पुठ्ठ्याची गदा होती, भाता फाटलेली बाजाची पेटी होती, आणि ज्यावर अजून सोव्हिएत संघ अबाधित नांदतो आहे असा एक पृथ्वीचा गोल होता. गदेला पुढील संमेलनाची आशा होती. संगणकाला ती नव्हती. त्याच्या पत्र्याला आमच्या गोव्याच्या पावसाने असा काही तांबूस रंग दिला होता की तो मुळात कोणत्या रंगाचा होता यावर शिपायात आणि आमच्यात मतभेद झाला.

तो भंगारात जाण्यापूर्वी थांबला, याचे कारण मात्र निराळे आहे. या वार्षिक अंकाच्या तयारीसाठी आम्ही शाळेचे जुने अंक चाळीत होतो. २००७ सालच्या अंकात धालोची चार गीते छापलेली आढळली. ती आमच्या शाळेतील मराठीच्या एका शिक्षकांनी जमवलेली होती. त्यांना येथे नुसते गुरुजी म्हणू, कारण गावात अजूनही सगळे तसेच म्हणतात. गीतांच्या खाली चौदा बायांची नावे होती आणि सर्वांत खाली बारीक टायपात एक ओळ होती: 'जागेअभावी उर्वरित गीते पुढील अंकी.' आम्ही उत्सुकतेने पुढील अंक काढला. त्यात गीते नव्हती. त्याच्या पुढला काढला. त्यात काळ्या चौकटीत गुरुजींचे छायाचित्र होते.

ज्यांना धालो ठाऊक नाहीत अशा, गोव्याबाहेरील वाचकांसाठी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. पौष महिन्यातल्या चांदण्या रात्री गावातील बाया मांडावर जमतात, समोरासमोर दोन रांगा करून एकमेकींच्या कमरेला हात घालतात, आणि वाकत, मागेपुढे होत गीते म्हणतात. एका रांगेने म्हणावे, दुसरीने उचलावे. ही गीते कोकणी म्हणावीत की मराठी, हा प्रश्न सभांतून पुष्कळ वेळा विचारला गेला आहे. गाणाऱ्या बायांना तो कधी पडला नाही. घरी कोकणी आणि शाळेत मराठी अशा दोन अंगणांत वाढलेल्या आमच्यासारख्यालाही तो फारसा पडत नाही. गीते कुणी लिहिलेली नव्हती. ती आईकडून मुलीला आणि सासूकडून सुनेला मिळत. गुरुजींनी २००४ सालापासून दर पौषात आणि चतुर्थीच्या फुगड्यांच्या दिवसांत विद्यार्थ्यांना घेऊन घरोघर फिरून ती वह्यांत उतरवली, आणि मग शाळेच्या संगणकावर दोन बोटांनी एकेक अक्षर शोधीत टंकली. वह्या त्यांच्या घराच्या पडवीत होत्या. एका पावसाळ्यात पडवीची भिंत बसली, तिच्याबरोबर त्या गेल्या. अंकात नावे असलेल्या चौदा बायांपैकी आज तीन हयात आहेत.

म्हणजे जे काही उरले होते, ते त्या तांबूस पेटीत होते, असलेच तर.

आम्ही कला शाखेचे पदवीधर. विजेच्या उपकरणांशी आमचे नाते दिव्याचे बटण दाबण्यापुरते. पण दहावीच्या वर्गात एक मुलगा होता, ज्याचा हात शाळेतील प्रत्येक बिघडलेल्या वस्तूत असे. वस्तू बिघडण्यापूर्वीही तो तिच्यात असे, अशी विज्ञानाच्या शिक्षकांची तक्रार होती. त्याला आम्ही सोबतीला घेतले. प्रथम संगणक सुरू करून पाहू असे आम्ही म्हणालो. तो म्हणाला, "नको सर. आधी वाळू दे." पुढे आम्हांला कळले की हाच सर्व उद्योगातील पहिला धडा आहे. वर्षानुवर्षे दमट खोलीत पडलेल्या यंत्राला ओल असताना वीज दिली तर होते नव्हते ते जाते. आठ दिवस ती पेटी ग्रंथालयात पंख्याखाली राहिली. मग बटण दाबले. काहीच झाले नाही. वीज आत घेणारा भागच मेला होता.

येथे पुष्कळ माणसे हात टेकतात आणि भंगारवाल्याला हाक मारतात. संगणक मेला म्हणजे त्यातील लिखाणही मेले, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः संगणक हा कारकून आहे आणि हार्ड डिस्क हे त्याचे दप्तर. कारकून वारला म्हणून दप्तर जळत नाही. ते उचलून दुसऱ्या कारकुनाच्या टेबलावर ठेवावे, म्हणजे तो वाचू लागतो. मात्र टेबल जुळले पाहिजे, आणि अडचण तेथेच असते.

चार स्क्रू काढले आणि हार्ड डिस्क हातात आली. आकाराने साधारण लहान शब्दकोशाएवढी, वजनाला त्याहून जड. तिच्या पाठीमागे चाळीस टाचण्यांची एक लांबट जागा होती आणि तिला रिबिनीसारखी रुंद, चपटी केबल लावलेली होती. आयडीई नावाची ही जोडणी एके काळी सर्वत्र असे. शाळेतील नव्या संगणकात ती औषधालाही नव्हती. पुढे आलेल्या साटा जोडणीची सात धाग्यांची बारीक केबल त्यात होती. जुन्या डिस्कला नव्या पेटीत घर मिळेना.

तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानदाराला ती दाखवली. त्याने ती उलटीपालटी केली आणि तिच्या आतील मजकुरापेक्षा नवी डिस्क स्वस्त पडेल असे सांगितले. आम्ही म्हटले, मजकुराची किंमत तुम्हांला कशी कळली? त्यावर तो हसला आणि गिऱ्हाईकाला लागला. दुसऱ्या दुकानी एक लहानसा जोड मिळाला. त्याच्या एका बाजूला चाळीस टाचण्यांची जागा, दुसऱ्या बाजूला पेन ड्राइव्ह लावतो तसे यूएसबीचे टोक, आणि शिवाय भिंतीतून वीज घेण्याची त्याची स्वतःची तार. ही निराळी तार महत्त्वाची असते. लॅपटॉपमधली लहान डिस्क यूएसबीच्या पाच व्होल्टांवर फिरते. टेबलावरील संगणकातल्या मोठ्या डिस्कच्या मोटरीला बारा व्होल्ट लागतात, आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत. ती तार न लावता कित्येक लोक डिस्क मेली असा निर्वाळा देतात.

वीज देण्यापूर्वी त्या पेटीच्या आत काय असते हे सांगण्याचा मोह आवरत नाही. आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. आमच्या डिस्कमधल्या मिनिटाला ७२०० फेऱ्या घेत. त्यांच्यावर एक हात इकडून तिकडे झुलत असतो, आणि त्याच्या टोकाला वाचणारा नि लिहिणारा एक सूक्ष्म कण असतो. हा कण तबकडीला स्पर्श करीत नाही. तबकडीच्या वेगाने जी हवा खेचली जाते तिच्यावर तो तरंगतो, तेही केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहून कमी उंचीवर. त्या उंचीवर धुळीचा कण म्हणजे रस्त्यातली धोंड. म्हणून ही पेटी कुतूहलाने कुणी उघडू नये. १९५६ साली आयबीएम या अमेरिकन कंपनीने पहिली अशी डिस्क विकायला काढली तेव्हा तिच्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, ती कपाटाएवढी होती, आणि तिच्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आमच्या हातातील लहान शब्दकोशात त्याच्या सुमारे आठ हजार पट मावत होती. एवढ्या जागेत चार गीते छापून 'जागेअभावी' असे लिहावे लागले, ही गंमत गुरुजींच्या ध्यानी आली असेल काय?

जोड लावला, वीज दिली, आणि आम्ही दोघे कान देऊन बसलो. कान देणे हा येथे अलंकार नव्हे. डिस्कचा आवाजच तिची नाडी असतो. एकसारखी घुं घुं ऐकू आली तर आशा आहे. खट् खट् असा ठरावीक ठोका येऊ लागला, तर तो हात आपली जागा शोधून हरला आहे असे समजावे आणि तत्क्षणी वीज बंद करावी. पुढचे काम मग धूळमुक्त खोलीत बसणाऱ्या तज्ज्ञाचे. आमच्या डिस्कने प्रथम एक कण्हल्यासारखा आवाज काढला. मुलाने हात विजेच्या बटणाकडे नेला. मग ती फिरू लागली.

पडद्यावर एक चौकट उमटली. ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू काय, असे नव्या संगणकाने अत्यंत नम्रपणे विचारले. इतक्या नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाला नाही म्हणणे आम्हां शिक्षकांच्या जिवावर येते. पण फॉरमॅट म्हणजे दप्तराची अनुक्रमणिका फाडून नवी कोरी घालणे. आम्ही 'नाही' दाबले. नव्या कारकुनाला जुने दप्तर वाचता आले नाही की तो ते रिकामे आहे असे सांगतो. हा गुण सर्वच कारकुनांत थोडाफार असतो.

येथून पुढे घाई करण्यात अर्थ नव्हता. म्हाताऱ्या डिस्कमधून एकेक फाइल शोधीत बसणे म्हणजे आजारी माणसाला जिना चढउतार करायला लावण्यासारखे आहे. शहाणी रीत अशी की आधी संपूर्ण डिस्कची, तिच्यात काय आहे याची चौकशी न करता, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवावी, मूळ डिस्क बाजूला ठेवावी, आणि पुढचे सारे शोधकाम नकलेवर करावे. त्यासाठी आम्ही डीडीरेस्क्यू नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम वापरला. पेन ड्राइव्हवर लिनक्स घेऊन शाळेचा नवा संगणक त्यावरून सुरू केला आणि काम त्याच्यावर सोपवले.

या प्रोग्रॅमची कामाची पद्धत आम्हांला फार आवडली. परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती पाहावी. तो आधी सोपे तेवढे सोडवतो. एखादा भाग वाचता आला नाही तर तेथे डोके आपटीत बसत नाही. त्याची नोंद करून पुढे जातो. सारे सोपे हाती लागले की मग परत येऊन अवघड जागी लहान लहान तुकड्यांनी प्रयत्न करतो. शिवाय काय झाले आणि काय राहिले याचा नकाशा तो एका वेगळ्या फाइलीत मांडून ठेवतो. आमच्या डिस्कमध्ये ५१२ अक्षरांचे एक असे सुमारे ७ कोटी ८० लाख खण होते. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळे उतरले. उरलेल्या मूठभरांसाठी दोन रात्री लागल्या. त्या दोन रात्रींत वळवाच्या पावसाने तीनदा वीज घालवली. पण नकाशा जागच्या जागी असल्याने काम दर खेपेस थांबले तेथूनच पुढे सुरू झाले. अखेर शे-सव्वाशे खण उरले, जे काही केल्या वाचता आले नाहीत. नकलेत त्या जागी नुसती शून्ये आहेत.

तिसऱ्या दिवशी नक्कल उघडली. दहा वर्षांच्या शाळेचा संसार समोर आला. प्रश्नपत्रिका, दाखले, सहलींची छायाचित्रे, कुणीतरी मधल्या सुट्टीत खेळलेला पत्त्यांचा डाव. गुणपत्रके होती, तीही आम्ही उघडली नाहीत. दुसऱ्याचे पाकीट आपल्या पत्त्यावर आले म्हणून ते फोडण्याचा अधिकार मिळत नाही. जुन्या संगणकाला लावलेला परवलीचा शब्द येथे आडवा येत नाही, हे मुलाने दाखवले तेव्हा आम्ही थोडे दचकलो. तो शब्द म्हणजे दाराचे कुलूप असते. भिंत काढून नेली की कुलपाला काम राहत नाही. डिस्क मुळातच सांकेतिक करून ठेवलेली असेल तर गोष्ट वेगळी. मग किल्लीवाचून काहीच हाती लागत नाही.

गुरुजींच्या नावाचे फोल्डर सापडले. त्यात एकतीस फाइली होत्या. आम्ही पहिली उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा बाजार भरला होता. काहींच्या डोक्यावर टोप्या, काहींच्या पायात कड्या, मध्येच पौंडाचे चिन्ह, मध्येच उलटे प्रश्नचिन्ह. आमचे एक सहकारी खांद्यावरून पाहत होते. ते म्हणाले, "गेले. सडले." मुलगाही गप्प झाला.

वास्तविक काहीच सडले नव्हते. संगणक अक्षरे साठवीत नाही, क्रमांक साठवतो. इंग्रजीतील लहान 'के'चा क्रमांक १०७. मराठी अक्षरांना सर्वमान्य क्रमांक मिळाले ते युनिकोडमध्ये. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, आणि त्यात आपल्या 'क'चा क्रमांक २३२५ आहे. पण ते क्रमांक छापखान्यापर्यंत पोचायला फार वर्षे लागली. २००५-०६ साली पेजमेकरवर काम करणाऱ्या छापखान्यांना युनिकोडमधली देवनागरी चालत नसे. तेव्हा श्रीलिपी, आयएसएम, शिवाजी असे नाना प्रकारचे फॉन्ट होते, आणि ते एक सोपी युक्ती करीत: इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी अक्षराचे चित्र बसवून देत. समजा, क्रमांक १०७ आला की 'क' काढायचा. तो फॉन्ट संगणकात असला तर धालोचे गीत दिसते. नसला तर तेच क्रमांक इंग्रजी वेष घालून उभे राहतात.

गोव्याच्या माणसाने याचे आश्चर्य करू नये. गोंयकानडी नावाच्या लिपीत लिहिलेले आमच्या जुन्या गावकऱ्यांचे कागद आजही आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, आणि वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. मोडीचीही थोडीफार तीच गत. पण गोंयकानडी जाण्यास काही पिढ्या लागल्या. गुरुजींची लिपी वीस वर्षांच्या आत गेली, आणि ती गेली हे कुणाला कळलेही नाही.

किल्ली कुठे मिळणार? आम्ही त्या छापखान्याचा पत्ता काढण्याच्या विचारात होतो. तेवढ्यात मुलाने नकलेतले विंडोजचे फोल्डर उघडले, त्यातले फॉन्टचे उघडले, आणि म्हणाला, "सर, ह्यातच असणार की." त्यातच होता. ज्या यंत्रावर गुरुजींनी टंकले त्याच यंत्रात तो फॉन्ट ठेवलेला होता, आणि आम्ही संपूर्ण नक्कल केली म्हणून तोही बरोबर आला होता. नुसत्या गीतांच्या फाइली उचलून आणल्या असत्या तर तो मागेच राहिला असता. मुलाने तो नव्या संगणकात बसवला, फाइल पुन्हा उघडली, आणि टोप्या घातलेल्या त्या बाजारातून एकदम सरळ, शिरोरेघेखाली ओळीने उभी राहिलेली मराठी अक्षरे आली. सहकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. एरवी ते फार कठोर परीक्षक आहेत.

ही अक्षरे युनिकोडमध्ये आणण्याचे काम विद्यार्थ्यांनी केले. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण ते पुष्कळ ठिकाणी अडखळतात. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी टंकलेली असे. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. रफाराचे नेमके उलट. शिवाय उकार गळतात. एका गीतात 'कळार' असा शब्द राहिला होता. आमच्या संस्कृतच्या बाई घाटावरच्या. त्यांनी तो 'कल्हार' म्हणजे कमळ असावा असे सांगून एक सुंदर अर्थही लावून दिला. आठवीतला एक मुलगा मागच्या बाकावरून ओरडला, "बाई, तें कुळार!" कुळार म्हणजे माहेर. सारा वर्ग हसला, बाईही हसल्या, आणि माहेरी निघालेली ती मुलगी कमळात जाता जाता वाचली.

गीते मिळाली, तेव्हा काम झाले असे आम्हांला वाटले होते. पण गुरुजींच्या एका फाइलीत 'ध्वनिमुद्रण पाहावे' अशी टीप होती, आणि ध्वनिमुद्रणे तर कुठेच नव्हती. ती मोठी जागा खातात; कधीतरी कुणीतरी जागा करण्यासाठी ती पुसून टाकली असावीत. पण संगणकातले पुसणे हे शाळेच्या पटावरून नाव कमी करण्यासारखे असते. पटावर नाव राहत नाही, मुलगा मात्र बाकावर बसलेलाच असतो. त्याच्या जागी दुसरा कुणी येऊन बसेपर्यंत तो तेथून हलत नाही. फोटोरेक नावाचा एक प्रोग्रॅम पट न पाहता थेट बाकांवरून फिरतो. प्रत्येक प्रकारच्या फाइलीची सुरुवात ठरावीक खुणेने होते. वेव्ह जातीच्या ध्वनीची खूण आर, आय, एफ, एफ अशी चार अक्षरे. ती दिसली की तेथून पुढचे तो उचलतो. त्याला नाव सांगता येत नाही, नुसता आकडा देतो; आणि फाइल तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असेल तर पहिला तुकडा मिळतो व पुढे खरखर.

अशा आकड्यांच्या सात फाइली सापडल्या. पाचांत थोडे गाणे आणि पुष्कळ खरखर. एकीत गुरुजींचा खोकला आणि "हां, आता म्हणा" एवढेच. सातवी अखंड निघाली. चार मिनिटे एक वृद्ध बाई गात होती. मागे पावसाचा आवाज होता. मध्येच ती थांबून कोंबडीला हाकलते आणि जेथे सोडले तेथून पुन्हा उचलते. ही कोण, हे ठरवायला आम्ही ती हयात असलेल्या तिघींना ऐकवली. पहिल्या कडव्यातच तिघींनी एकच नाव सांगितले. त्या बाईची नात आमच्याकडे नववीत आहे. आजी गेली तेव्हा ती जन्मली नव्हती. एका शनिवारी दुपारी ती आणि तिची आई शाळेत आल्या. आम्ही ध्वनी सुरू केला. मुलगी अगदी हळू म्हणाली, "आजयेचो आवाज असो आशिल्लो?" आईने उत्तर दिले नाही. कोंबडी हाकलण्याची जागा आली तेव्हा ती हसली आणि मग पदर तोंडाशी धरून खिडकीकडे गेली. आम्ही अंकाची मुद्रिते चाळीत असल्याचे दाखवले. जाताना त्यांनी ते गाणे फोनवर नेले. मुलगी आता ते म्हणते, कोंबडीसकट.

न वाचता आलेल्या त्या शे-सव्वाशे खणांपैकी काही नेमके गीतांच्या फाइलींत पडले आहेत. दोन गीतांच्या मधल्या ओळी त्यामुळे नाहीत. आम्ही वही घेऊन तिघींकडे गेलो. एका गाळलेल्या ओळीबद्दल तिघींनी तीन वेगवेगळे शब्द सांगितले, आणि उरलेल्या दोघींना आता आठवत नाही असेही प्रत्येकीने आम्हांला बाजूला घेऊन सांगितले. "तशें न्हय मास्तर," असे म्हणून सर्वांत वडील बाईने आमच्या हातातील पेन्सिलच काढून घेतली, जरी तिला लिहिता येत नाही. आम्ही तिन्ही पाठ छापले आहेत. गुरुजींनी कोणता लिहिला होता हे डिस्कलाच ठाऊक, आणि ती सांगत नाही.

संपूर्ण नकलेच्या तीन प्रती केल्या आहेत. एक शाळेत आहे, एक मुख्याध्यापकांच्या घरी, आणि एक गुरुजींच्या मुलाकडे, घाटापलीकडे, जेथे पाऊस कमी पडतो. मूळ डिस्क ग्रंथालयाच्या कपाटात आहे. रिकामी लोखंडी पेटी भंगारवाल्याने नेली. त्याने तिचे एकशे दहा रुपये दिले, ते बाजाच्या पेटीच्या भात्यासाठी ठेवले आहेत.

एकतीस गीते या अंकात पुढे छापली आहेत. जेथे ओळीच्या जागी टिंबे दिसतील तेथे मजकूर मिळालेला नाही. ज्यांच्या घरी आजी, पणजी, मावशी यांपैकी कुणाला त्या ओळी आठवत असतील, त्या विद्यार्थ्यांनी त्या विचारून, सांगतील तशाच, स्वतःच्या मनाने शुद्ध न करता वहीत उतरवून घ्याव्यात आणि मधल्या सुट्टीत आमच्याकडे द्याव्यात. सांगणाऱ्या बाईचे नाव आणि वाडा अवश्य लिहावा. लिहून घेणारे घरी कुणी नसेल तर तसा निरोप पाठवावा, आम्ही येऊ. पौषात मांड भरू लागले की मग कुणाला सवड नसते, तेव्हा त्याच्या आधी कळवले तर बरे.